फार्माकोलॉजी : हार्टच्या आणि हॉर्मोनच्या औषधांचा घोळ

ओली_पाटी
सोमवार, रात्री १०.५०

नमस्कार. मी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फार्माकोलॉजीची इंटर्नल पंधरा दिवसांवर आलीय आणि पोस्टिंग मेडिसिन वॉर्डला. कार्डिओव्हॅस्क्युलर आणि एंडोक्राइन ही दोन युनिट मी तीनदा वाचली. नावांच्या शेपट्या पाठ झाल्या. 'प्रिल' म्हणजे एसीई इन्हिबिटर, बीपी उतरवणारं. 'लोल' म्हणजे बीटा ब्लॉकर, हार्टचा वेग कमी करणारं. शुगरच्या औषधांत 'ग्लिप्टिन' वेगळं, 'ग्लिफ्लोझिन' वेगळं. पण वॉर्डात पाय ठेवला की सगळं फिसकटतं. आजच्या एका दिवसातले तीन प्रश्न :

बेड नंबर ७ चे काका किडनीचे पेशंट. शुगर अजिबात नाही. तरी त्यांना शिरेतून इन्सुलिन दिलं आणि सोबत २५ टक्क्यांचं डेक्स्ट्रोज. म्हणजे साखर कमी पण करायची आणि वाढवायची पण?

थायरॉईड वाढलेल्या एका काकूंना प्रोप्रॅनोलॉल चालू आहे. ते तर हार्टच्या धड्यात आहे ना?

तिसरं म्हणजे डिगॉक्सिन हे हार्टचं औषध द्यायच्या आधी मी मनगटावर १५ सेकंद पल्स मोजून चारने गुणली, तर सगळ्यांसमोर ओरडा खाल्ला. काय चुकलं ते कुणी सांगितलं नाही, आणि परत विचारायची हिंमत झाली नाही.

इथे कुणी सिस्टर असतील तर प्लीज सांगा.

---

तिरकस_तात्या
सोमवार, रात्री ११.०५

मी सिस्टर नाही, गिऱ्हाईक आहे. सकाळच्या सात गोळ्या. दवाखान्यात विचारतात, "बीपीची घेतली का?" मी "हो" म्हणतो. ती पांढरी की गुलाबी हे त्यांनाही माहीत नसतं आणि मलाही. शेंगदाणे घेऊन बसलोय, चालू द्या.

---

जुनी_सिस्टर
मंगळवार, सकाळी ६.२०

नाइट संपवून आलेय, चहा होईस्तोवर लिहिते.

बाळ, धडे पुस्तकाने पाडलेत, पेशंट अख्खा येतो. हार्ट वेगळं, हॉर्मोन वेगळं असं करून वाचलंस तर वॉर्डात घोळ होणारच. या दोन धड्यांच्या मधोमध एक गोष्ट बसलेली आहे, ती म्हणजे पोटॅशियम. ते नीट धरलंस तर तुझे अर्धे प्रश्न आपोआप सुटतील.

बेड ७ घे. किडनी काम करत नाही म्हणून पोटॅशियम रक्तात साचलं. नॉर्मल साधारण ३.५ ते ५. साडेसहाच्या पुढे गेलं की ईसीजीतला टी वेव्ह तंबूसारखा टोकदार होतो आणि हार्ट कधीही थांबू शकतं. इन्सुलिनचं काम फक्त साखर पेशीत ढकलणं नाही, ते पोटॅशियमही पेशीत ढकलतं. म्हणून १० युनिट रेग्युलर इन्सुलिन शिरेतून. पण काकांना शुगर नाही, साखर धाडकन उतरेल, म्हणून २५ ग्रॅम ग्लुकोज. २५ टक्के डेक्स्ट्रोजच्या १०० मिलीत नेमकं तेवढंच असतं, करून बघ गणित. आणि त्याच्याही आधी कॅल्शियम ग्लुकोनेट गेलं असेल, हळूहळू, मॉनिटर लावून. कॅल्शियमने पोटॅशियम कमी होत नाही हं, हार्टला तेवढ्यापुरतं कवच मिळतं. हा प्रश्न व्हायव्हाला हमखास येतो आणि मुली हमखास चुकतात.

आता पुढचं, जे पुस्तकात एका ओळीत उरकतात. पोटॅशियम शरीराबाहेर गेलेलं नाही, पेशीत लपलंय. चारसहा तासांनी परत बाहेर येणार. आणि किडनी खराब असली की इन्सुलिनही शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. म्हणून पुढचे सहा तास तरी दर तासाला शुगर बघायची. डेक्स्ट्रोज संपलं म्हणजे आपलं काम संपलं असं समजून स्टाफ जेवायला जाते आणि तिकडे पेशंट घामाने भिजतो. पाहिलंय मी.

उलटा प्रसंग डीकेएचा, म्हणजे डायबेटिक कीटोॲसिडोसिसचा : इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साचतं. शुगर ५००, पेशंट धापा टाकतोय, सगळ्यांना इन्सुलिन ड्रिपची घाई. पण ड्रिपने पोटॅशियम आणखी खाली जाणार. रिपोर्टमध्ये ते ३.३ च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम भरून काढतात, मग इन्सुलिन. म्हणून रिपोर्ट आला का हे विचारणं तुझं काम. केसीएलची, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडची, १० मिलीची अँप्युल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट. ती थेट शिरेत कधीच, कधीच नाही. डायल्यूट करून, हळू. दिसायला डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलसारखी असते, म्हणून एका ट्रेमध्ये दोन्ही ठेवू नकोस.

चहा झाला. डिगॉक्सिनचं उठल्यावर.

---

औषधपेटी
मंगळवार, दुपारी १.१५

सिस्टर, दंडवत. मी फार्मसीच्या खिडकीतून एक भर घालतो. इन्सुलिनचा विषय निघालाच आहे तर त्याच्या सिरिंजबद्दल.

आपल्याकडे बहुतेक वायल, म्हणजे इन्सुलिनच्या बाटल्या, ४० युनिट प्रति मिली असतात, १० मिलीत ४००. पेनची कार्ट्रिज मात्र १०० युनिट प्रति मिली. सिरिंजही दोन प्रकारच्या, लाल टोपणाची ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. अमेरिकन पुस्तकात ४० सापडणारच नाही, कारण तिथे नेहमीच्या वापरात १०० च आहे. विद्यार्थी ते पुस्तक वाचून येतात आणि इथे अडकतात.

गणित करून बघा. ऑर्डर २० युनिटची. ४० ची वायल आणि हाताला लागली नारिंगी टोपणाची सिरिंज. २० च्या खुणेपर्यंत भरलं म्हणजे ०.२ मिली, म्हणजे गेले फक्त ८ युनिट. उलट करा. १०० ची वायल आणि लाल टोपण. २० ची खूण म्हणजे अर्धा मिली, गेले ५० युनिट. पहिल्या चुकीत शुगर उतरत नाही आणि डॉक्टर डोस वाढवत बसतात. दुसऱ्या चुकीत पेशंट सकाळी उठत नाही. आमच्याकडे एक आजोबा पहिल्या प्रकारात दोन महिने होते. मुलाने सिरिंज दुसऱ्या दुकानातून आणली होती, वायल आमची. डोस तीनदा वाढवला गेला. शेवटी त्यांच्या सुनेनं रिकामी सिरिंज खिडकीत आणून दाखवली तेव्हा उलगडा झाला.

पेशंटला "किती घेता?" असं विचारू नका. "कसं भरता ते दाखवा" म्हणा.

---

लिफीकाठची
मंगळवार, संध्याकाळी ७.३०

डब्लिनहून. शिक्षण महाराष्ट्रातलं, इथे येऊन नऊ वर्षं झाली. औषधपेटींना अनुमोदन. इथे सगळीकडे १०० च, आणि शुगरही मिलिमोलमध्ये. पहिल्या आठवड्यात पेशंटची शुगर "४" ऐकून माझेच हातपाय गार पडले होते. ४ म्हणजे आपले ७२, एवढं समजायला क्षणभर लागला.

जुनी_सिस्टर, एका गोष्टीत मात्र तुमच्याशी थोडं वाजणार. नावांच्या शेपट्या पाठ करण्याला हसू नका. परीक्षेत आणि रात्री तीन वाजता त्याच उपयोगी पडतात. 'प्रिल' दिसलं की मी आपोआप विचारते : कोरडा खोकला? ओठ-जीभ सुजली? पोटॅशियम? दिवस गेलेत का? चार प्रश्न एका शेपटीत. 'सार्टन' शेपटीच्या बीपीच्या गोळ्यांना खोकला सहसा नाही, बाकी तेच.

---

जुनी_सिस्टर
मंगळवार, रात्री ८.१०

हसले नाही गं. पण शेपटी धरून बैल ओळखता येतो, तो मारका आहे का हे कळत नाही. सोटालोल आणि प्रोप्रॅनोलॉल दोघांनाही तीच शेपटी आणि दोघांचं काम निराळं. बरं असू दे, तुझं अर्धं मान्य.

डिगॉक्सिन. धागाकर्तीला ओरडा का बसला ते सांगते. हे औषध ज्यांना देतात त्यातल्या पुष्कळांना एट्रियल फिब्रिलेशन असतं. ठोके अनियमित. त्यात हार्टचा प्रत्येक ठोका मनगटापर्यंत पोचत नाही. छातीवर स्टेथो लावला तर ९६, मनगटावर ७४, असंही होतं. तेव्हा १५ सेकंद गुणिले चार हा निव्वळ अंदाजपंचे. डाव्या बाजूला पाचव्या बरगडीखालच्या फटीत स्टेथो ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायचं. मोठ्या माणसात ६० च्या खाली असेल तर गोळी हातात ठेवायची आणि डॉक्टरांना कळवायचं. मुलांचा आकडा वेगळा. ओरडणाऱ्या बाईंनी हे दोन वाक्यांत सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असो.

आता पोटॅशियम परत आलं बघ. पेशीच्या भिंतीवर एक पंप असतो. त्या पंपाच्या एकाच खुर्चीवर पोटॅशियमलाही बसायचं असतं आणि डिगॉक्सिनलाही. लॅसिक्सने, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाने, पोटॅशियम वाहून गेलं की खुर्ची रिकामी, डिगॉक्सिन ऐसपैस बसतं. डोस तोच, पण विषबाधा. पेशंट म्हणतो जेवण जात नाही, मळमळतंय, सगळं पिवळसर दिसतंय. "म्हातारपण आहे, चालायचंच" म्हणून सोडून दिलं जातं. डिगॉक्सिन चालू असलेल्या माणसाचं जेवण सुटलं तर आधी पल्स आणि पोटॅशियम. आपल्याकडे पुष्कळ डॉक्टर आठवड्यात पाच दिवस गोळी आणि दोन दिवस सुट्टी लिहितात, तेही साचू नये म्हणूनच. चार्टवर शनिवार-रविवारच्या चौकटी रिकाम्या दिसल्या म्हणून भरून टाकू नकोस.

हे औषध फॉक्सग्लोव्ह नावाच्या झाडातलं. इंग्लंडात विल्यम विदरिंग या डॉक्टरांनी १७८५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना मूळ सुगावा एका घरगुती काढ्यातून लागला होता. आपल्याकडे याचे भाऊबंद अंगणात आहेत : कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. त्यांच्या विषबाधेचे पेशंट ग्रामीण भागात काम केलेल्या प्रत्येक सिस्टरने पाहिलेत. उलट्या, पल्स ४०, ईसीजी डिगॉक्सिनच्या विषबाधेसारखाच. पुस्तकातला डिगॉक्सिनचा धडा तिथे मला खरा कळला.

---

तिरकस_तात्या
मंगळवार, रात्री ८.४०

देवपूजेला कण्हेर तोडतो मी रोज. आता हात धुऊन मग चहा.

एक गंभीर प्रश्न. मला शुगर नाही. पण हार्टच्या डॉक्टरांनी डॅपाग्लिफ्लोझिन लिहिलंय. शेजारच्या जोश्यांना तीच गोळी शुगरला आहे. कुणाचं चुकलं?

---

औषधपेटी
मंगळवार, रात्री ९.२५

कुणाचंच नाही, तात्या. ही गोळी किडनीवाटे साखर आणि थोडं मीठपाणी बाहेर टाकते. निघाली शुगरसाठी. पण २०१९ मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत हार्ट फेल्युअरच्या पेशंटना शुगर नसतानाही फायदा दिसला. २०२० मध्ये भारतात पेटंट संपलं आणि किंमत एकदम उतरली, म्हणून हल्ली ती प्रत्येक दुसऱ्या चिठ्ठीवर दिसते. तुमच्या गोळ्यांबद्दल बाकी काय ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

विद्यार्थ्यांसाठी : लघवीतून साखर जाते म्हणून बुरशीचा संसर्ग होतो, पेशंट लाजून सांगत नाही, आपण विचारायचं. ऑपरेशन ठरलं असेल तर साधारण तीन दिवस आधी बंद करतात. नाहीतर शुगर १८० असतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो, आणि शुगर बरी दिसते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

---

मधुमालती
मंगळवार, रात्री ११.३०

आयसीयूतून. वाचून राहवलं नाही.

धागाकर्तीचा दुसरा प्रश्न राहिला. थायरॉईड हॉर्मोन वाढलं की हार्टवर चाबूक बसतो. पल्स १२०-१३०, हात थरथरतात, घाम. कार्बिमाझोल नवीन हॉर्मोन बनू देत नाही, पण ग्रंथीत आधीच साठवलेलं संपायला काही आठवडे जातात. तोपर्यंत हार्टला सांभाळायला प्रोप्रॅनोलॉल. देण्याआधी दमा आहे का विचारायचं, नाहीतर श्वास कोंडेल. आणि कार्बिमाझोलवाल्या पेशंटला ताप आला, घसा दुखला तर साधी सर्दी समजायची नाही. पांढऱ्या पेशी धोकादायक कमी झालेल्या असू शकतात. त्याच दिवशी सीबीसी.

आता माझी गोष्ट. मी नवीन होते, नाव-गाव सांगत नाही. पासष्टीचे मामा, शुगर आणि बीपी दोन्ही. सकाळी शुगरची ग्लिमेपिराइड आणि बीपीची मेटोप्रोलॉल दोन्ही मीच दिल्या. त्या दिवशी आषाढी एकादशी. मामांनी नाश्ता नाकारला, मी नोंदही केली नाही. अकरा वाजता त्यांची मुलगी म्हणाली, बाबा गप्प गप्प आहेत. मी पल्स पाहिली, ६६. हात थरथरत नव्हते. मला वाटलं झोप आली असेल. पाठीवर हात ठेवला तर बनियन ओलंचिंब. शुगर ४१.

शुगर उतरली की शरीर ओरडतं : धडधड, थरथर, घाम. बीटा ब्लॉकरने पहिल्या दोघांचं तोंड बंद केलं होतं. घाम तेवढा राहतो, त्याच्यावर या गोळीचा ताबा नाही. तेव्हापासून 'लोल' चालू असलेला पेशंट गप्प झाला की मी आधी पाठीला हात लावते आणि मग ग्लुकोमीटर शोधते.

उपासाचं विचारत चला हो. एकादशी, नवरात्र, रोजे, चतुर्थी. सकाळची गोळी घेऊन उपाशी राहतात, आणि दुपारी साबुदाण्याची खिचडी खाऊन शुगर तीनशेला नेतात. दोन्ही एकाच दिवशी.

---

लिफीकाठची
बुधवार, पहाटे ३.०५

मधुमालती, काटा आला वाचून.

उलट दिशेनेही जाते ही वाट. ॲमिओडारोन देतात हार्टच्या ठोक्यांसाठी, पण त्याच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग आयोडीन. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ७५ च्या आसपास. म्हणून थायरॉईड कमीही होतं आणि वाढतंही, वर्षभर घेणाऱ्याची टीएसएच तपासणी चुकवायची नाही. डिगॉक्सिन सोबत असेल तर त्याची रक्तातली पातळीही चढते. इंजेक्शन असेल तर ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, सलाईनमध्ये नाही.

आणि म्हाताऱ्या हार्ट पेशंटला थायरॉक्सिन (थायरॉईड कमी पडल्यावर द्यायचं हॉर्मोन) सुरू करताना १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून का, हा प्रश्नही तयार ठेव. झोपलेल्या बैलाला एकदम पळवलं तर छातीत दुखायला लागतं.

---

जुनी_सिस्टर
बुधवार, सकाळी ७.००

शाबास मुलींनो. थायरॉक्सिनवरून एवढंच, की आपल्या पेशंटना "उपाशीपोटी" म्हणजे "जेवणाआधी" वाटतं. चहा-बिस्किट झालेलं असतं. स्पष्ट सांगा : उठल्यावर साध्या पाण्याबरोबर, मग निदान अर्धा तास चहासुद्धा नाही. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी चार तासांनी. बाळंतिणींमध्ये हा घोळ फार.

दुसरं, "रक्त पातळ करायची गोळी" हा शब्द ऐकला की कान टवकारा. ॲस्पिरिनलाही तेच म्हणतात, क्लोपिडोग्रेललाही, असिट्रोमलाही. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, बघावा लागतो तो यांपैकी फक्त असिट्रोमला, किंवा तशाच वॉरफरिनला. पाकीट आणायला सांगा. असिट्रोमवाल्यांना पालेभाजी बंद करायला सांगणाऱ्या स्टाफचा मला राग येतो. बंद नाही करायची, रोजच्याइतकी ठेवायची. आठवडाभर काही नाही आणि मग एका दिवसात मेथीची जुडी, असं नको.

आणि पाय सुजले म्हणून लगेच लॅसिक्स मागू नका, आधी बीपीची ॲमलोडिपिन चालू आहे का बघा. सूज त्याची असू शकते.

---

औषधपेटी
बुधवार, सकाळी १०.४०

सिस्टर, छातीत दुखण्यावरची जिभेखालची गोळी राहिली. सॉर्बिट्रेट देण्याआधी बीपी, पेशंटला बसवून किंवा आडवं करून, उभ्याने कधीच नाही. आणि पुरुष पेशंटला नातेवाईक बाहेर पाठवून विचारायचं, सिल्डेनाफिल (व्हायग्रा) वगैरे घेतली का. दोन्ही एकत्र गेलं तर बीपी कोसळतं. सगळ्यांसमोर विचारलंत तर उत्तर "नाही"च येणार.

---

ओली_पाटी
शुक्रवार, रात्री ९.१५

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद! वहीत दोन धडे एकत्र करून मध्ये पोटॅशियम लिहिलंय आणि सगळीकडून बाण काढलेत. पान फार घाण दिसतंय पण कळतंय.

आज काय झालं ते सांगते. बेड ११ चे आजोबा, हार्ट फेल्युअर. रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही चालू. पुस्तकात स्पायरोनोलॅक्टोन ॲल्डोस्टेरॉनला अडवतं असं वाचलं होतं, म्हणजे ते हॉर्मोनवालं, आणि पोटॅशियम धरून ठेवतं. 'प्रिल' पण धरून ठेवतं. आणि टेबलावर दोन शहाळी, त्यातही पोटॅशियमच! आजी म्हणाल्या, "अशक्तपणा आहे ना, रोज दोन देते." घाबरत घाबरत सिस्टरांना विचारलं, पोटॅशियमचा रिपोर्ट कधीचा आहे? सहा दिवसांपूर्वीचा निघाला. परत पाठवला, ५.९ आला. डॉक्टरांनी स्पायरोनोलॅक्टोन थांबवली आणि ईसीजी काढायला सांगितला. ज्यांनी सोमवारी ओरडा दिला होता त्याच सिस्टर होत्या. काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळच्या औषधांना मला बरोबर घेतलं.

आजींना मात्र माझा राग आलाय.

---

तिरकस_तात्या
शुक्रवार, रात्री ९.४०

ते सगळं ठीक. पण शहाळ्यांचं काय झालं?

---

ओली_पाटी
शुक्रवार, रात्री ९.५२

एक आजींनी नातवाला दिलं. दुसरं आमच्या वॉर्डातल्या मावशींनी फ्रिजमध्ये ठेवलं होतं, इन्सुलिनच्या शेजारी. त्यावरून सिस्टर त्यांना ओरडल्या.